वाढदिवसाची भेट : मोटारसायकलचा कारखाना!

मित्रांनो, वाढदिवसाला काय हवं, असं घरात कुणी विचारलं की तुमचं उत्तर तयारच असतं. कुणाला क्रिकेटची बॅट हवी असते, कुणाला सायकल, कुणाला नवे बूट. केक तर हवाच हवा! पण समजा, तुमच्यापैकी एखाद्यानं सांगितलं, “मला काही वस्तू नको. मला मोटारसायकल कशी तयार होते ते पाहायचंय,” तर? आई म्हणेल, “हे काय नवीनच खूळ?” बाबा म्हणतील, “अरे, कारखाना म्हणजे काय बागबगीचा आहे का, मनात आलं की जायला?”

दोघांचंही म्हणणं तसं बरोबर आहे. कारखान्याचं दार तिकीट काढून उघडत नाही. पण नीट विचार करून, वेळेवर तयारी करून मागितलं, तर अशी भेट मिळूही शकते. आणि वर्धा जिल्ह्यातल्या मुलामुलींनी तर ती जरूर मागावी. का म्हणाल? कारण महाराष्ट्रातल्या ज्या मोटारसायकली आज देशोदेशी धावतात, त्यांच्या कंपनीचं मूळ आपल्या वर्ध्यातच आहे!

वर्ध्याचं नातं

वर्ध्यात बच्छराज नावाचे एक शेठजी होते. कापसाचा मोठा व्यापार होता त्यांचा. राजस्थानातल्या सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला एक लहान मुलगा त्यांच्या घरात नातू म्हणून दत्तक आला. त्याचं नाव जमनालाल. जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा. हेच पुढे जमनालाल बजाज म्हणून साऱ्या देशाला माहीत झाले.

जमनालालजींनी गांधीजींना वडील मानलं होतं आणि गांधीजीही त्यांना आपला पाचवा मुलगा मानत. १९२१ साली विनोबा वर्ध्याला आले, १९३४ मध्ये गांधीजी आले, आणि १९३६ साली गांधीजी जवळच्या शेगावला राहायला गेले. हेच शेगाव पुढे सेवाग्राम झालं. या सगळ्यामागे जमनालालजींचा आग्रह होता. १९२८ साली त्यांनी वर्ध्याचं आपल्या कुटुंबाचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती, बरं का! देशातले मोठमोठे पुढारी वर्ध्याला आले की त्यांच्याच बजाजवाडीत उतरायचे.

११ फेब्रुवारी १९४२ ला जमनालालजी गेले. त्यांचे थोरले चिरंजीव कमलनयन बजाज यांनी उद्योगांचा व्याप सांभाळला. हे कमलनयनजी लहानपणी विनोबांच्या आश्रमात शिकले होते आणि पुढे वर्ध्याचे खासदारही झाले. २९ नोव्हेंबर १९४५ ला एक कंपनी निघाली. तिचं नाव होतं बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. नाव ओळखीचं वाटलं ना? वर्ध्याच्या त्याच शेठजींचं! ही कंपनी १९४८ पासून परदेशातून स्कूटर आणि तीनचाकी गाड्या आणून विकू लागली. १९५९ साली तिला गाड्या इथेच बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला. आणि तिचंच रूप पुढे बजाज ऑटो झालं.

कारखाना उभा राहिला पुण्याजवळ आकुर्डीला. सुरुवातीला इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या मदतीनं स्कूटर बनायच्या. १९७२ साली ‘चेतक’ आली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव हे! तुमच्या आजोबांना विचारून पाहा. चेतकसाठी पैसे भरून लोक वर्षानुवर्षं वाट पाहायचे. आज नाव नोंदवलं, मुलगा शाळेत गेला तरी गाडी काही येईना, अशी गत असायची. त्या वेळी कारखान्यानं किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं आणि घेणारे मात्र कितीतरी जास्त होते.

१९८५ साली औरंगाबादजवळ वाळूजला दुसरा कारखाना सुरू झाला. (या शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे.) १९८६ साली जपानच्या कावासाकी कंपनीच्या साथीनं मोटारसायकल बाहेर पडली. १९९९ साली चाकणचा कारखाना आला, २००१ साली ‘पल्सर’ आली, आणि हळूहळू स्कूटरची कंपनी मोटारसायकलची कंपनी होऊन गेली. आकुर्डीत गाड्या बनणं २००७ साली थांबलं. पण गंमत पाहा! २०२२ साली तिथेच विजेवर चालणाऱ्या नव्या चेतकचा कारखाना उघडला. जुन्या घोड्याला नवं खोगीर!

म्हणजे वर्ध्याच्या मुलानं हा कारखाना पाहायला जाणं, हे एका परीनं गावातून निघालेल्या माणसांच्या घरी जाण्यासारखंच आहे.

आधी पत्र, मग बॅग

सहलीची सुरुवात बॅग भरण्यापासून होत नाही. ती होते पत्रापासून. निदान दोन-तीन महिने आधी पत्र लिहायचं. कारखान्यात अवजड यंत्रं चालू असतात, भट्ट्या पेटलेल्या असतात, वरून साखळ्यांना लटकलेले सुटे भाग सरकत असतात. म्हणून कुणालाही सहज आत सोडत नाहीत. किती वर्षांच्या मुलांना प्रवेश, एका वेळी किती जण, कोणत्या दिवशी, हे सगळं तेच ठरवतात. एकट्या मुलापेक्षा शाळेकडून गेलेल्या पत्राचा विचार होण्याची शक्यता जास्त. त्यामुळे विज्ञानाच्या सरांना किंवा मुख्याध्यापिका बाईंना आधी गाठा. पाच-सहा मित्रमैत्रिणी, दोन शिक्षक आणि एकाचे आईबाबा असा छोटासा गट झाला, तर खर्चही वाटला जातो.

पत्र साधं असावं. हे पाहा, असं :

‘माननीय महोदय, सप्रेम नमस्कार. आम्ही वर्ध्याच्या शाळेत आठवीत शिकणारे सहा विद्यार्थी आहोत. इंजिन कसं चालतं ते आम्ही पुस्तकात वाचलं आहे. ते तयार होताना पाहण्याची आमची इच्छा आहे. आमच्यातल्या एकाचा वाढदिवस डिसेंबरात असतो आणि त्याला भेटवस्तू म्हणून हीच गोष्ट हवी आहे! आमच्यासोबत दोन शिक्षक आणि एक पालक असतील. आपले सर्व नियम आम्ही पाळू. आपल्याला सोयीचा कोणताही दिवस चालेल. मुलांना प्रवेश देणं शक्य नसेल, तर तसंही कृपया कळवावं. आपले नम्र.’

खाली सगळ्यांची नावं, इयत्ता, वय आणि शाळेचा पत्ता, मुख्याध्यापिका बाईंची सही. बस्स! ‘कोणताही दिवस चालेल’ हे वाक्य मात्र विसरू नका. वाढदिवस बुधवारी असला म्हणून कारखान्यानं बुधवारीच दार उघडावं, असं थोडंच आहे? वाढदिवस आठवडाभर पुढे ढकलला तरी वय काही कमी होत नाही!

आणि उत्तर येईपर्यंत रेल्वेचं तिकीट काढायचं नाही. आधी होकार, मग तिकीट.

जायचं कसं?

वर्ध्याहून सगळ्यात जवळचा पडतो तो वाळूजचा कारखाना. समृद्धी महामार्गानं संभाजीनगर चारशे किलोमीटरच्या आसपास. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून हा प्रवास बराच सोपा झाला आहे. गमतीची गोष्ट सांगू? या महामार्गावर दुचाकींना मज्जाव आहे. म्हणजे मोटारसायकलचा कारखाना पाहायला जाताना वाटेत तुम्हाला एकही मोटारसायकल दिसायला नको!

रेल्वेनं जायचं तर वर्ध्याहून सेवाग्राम एक्सप्रेस मनमाडला जाते. तिथे गाडी बदलून संभाजीनगर गाठायचं. पुण्याकडच्या चाकणचा होकार आला, तर गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस वर्ध्यावरूनच पुण्याला जाते. बडनेरा, भुसावळ, मनमाड, दौंड असा लांबचा पल्ला आहे. डबा भरपूर घ्या! गाड्यांच्या वेळा बदलत असतात, तेव्हा त्या स्टेशनवर विचारूनच घ्याव्यात.

संभाजीनगरला जाणार असाल तर एक दिवस जास्त ठेवा. वेरूळची लेणी पाहा. मंगळवारी ती बंद असतात, हे लक्षात ठेवा. आणि शहरातली पाणचक्की चुकवू नका. दूरवरून जमिनीखालच्या नळांनी पाणी आणून, ते उंचावरून सोडून त्याच्या जोरावर पिठाची चक्की फिरवली जायची. इंजिन नाही, वीज नाही, धूर नाही! जुन्या काळचं यंत्र आणि आजचा कारखाना एकाच सहलीत पाहून झाला, तर आणखी काय हवं?

आधीचा गृहपाठ

कारखान्यात गेल्यावर सगळंच भराभर पुढे सरकतं. तिथे ‘हे काय, ते काय’ विचारत बसलात तर निम्मं पाहायचं राहून जाईल. म्हणून आधी दोन ठिकाणी जायचं. दोन्ही वर्ध्यातच आहेत आणि दोन्हीला खर्च फारसा नाही.

पहिलं ठिकाण म्हणजे तुमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांचं गॅरेज. एखादं इंजिन उघडलेलं असेल तेव्हा लांबून पाहू द्या म्हणावं. इंजिनाचं काम चार पायऱ्यांत चालतं. दट्ट्या खाली येतो, हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढली जाते. दट्ट्या वर जातो, ती दाबली जाते. ठिणगी पडते, भडका उडतो, दट्ट्या जोरात खाली ढकलला जातो. पुन्हा वर येतो आणि धूर बाहेर. ओढा, दाबा, पेटवा, फेका! या चार पायऱ्यांत इंजिनाचा दांडा दोन वेळा फिरतो. आता एक गणित करा. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला झाले १००. दोन फेऱ्यांत एक भडका, म्हणजे सेकंदाला ५० भडके! तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत आत पन्नास वेळा आग लागून विझलेली असते.

दुसरं ठिकाण ऐकून तुम्हाला नवल वाटेल. ते आहे मगनवाडीतलं मगन संग्रहालय. ही मगनवाडी म्हणजे जमनालालजींनी ग्रामोद्योगाच्या कामासाठी दिलेली जागा. तिला गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांचं नाव दिलं गेलं. जे. सी. कुमारप्पा इथे राहून खेड्यातल्या उद्योगांचं काम करत. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते या संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इथे तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत, खेड्यातल्या कारागिरांची अवजारं आहेत.

मोटारसायकल पाहायला निघालेल्यांनी चरखा कशाला पाहायचा? सांगतो. चरख्याचं मोठं चाक हातानं सावकाश एकदा फिरवा. माळेनं जोडलेली बारीकशी चाती तेवढ्यात कितीतरी वेळा गरगर फिरते. मोठ्यावरून लहानावर गेलं की वेग वाढतो. आता मोटारसायकलची चेन पाहा. पुढचं दातेरी चक्र लहान, मागच्या चाकाचं मोठं. समजा पुढच्याला १४ दाते आणि मागच्याला ४२, तर पुढचं तीनदा फिरेल तेव्हा मागचं एकदा. इथे वेग कमी होतो, पण जोर वाढतो. म्हणून तर दोन माणसं आणि एक पोतं घेऊन गाडी चढ चढते! सुताला हवा वेग, गाडीला हवा जोर. युक्ती एकच, फक्त उलटी केलेली. चरख्यापाशी ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की मग कारखान्यातलं कुठलंच दातेरी चक्र तुम्हाला परकं वाटणार नाही.

आत काय पाहाल?

समजा, होकार आला आणि तुम्ही आत पोचलात. डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांना चष्मा आणि पायात बंद बूट. चपला घालून गेलात तर फाटकावरूनच परत यावं लागेल! जमिनीवर रंगाचे पट्टे ओढलेले असतात. चालायचं ते त्या पट्ट्यांच्या आतून.

मोटारसायकलचा जन्म एका ठिकाणी होत नाही. तिचे अवयव वेगवेगळ्या जागी तयार होतात, कितीतरी तर दुसऱ्याच छोट्या कारखान्यांतून येतात आणि शेवटी सगळे एकत्र भेटतात. सांगाडा पाहा. पोलादी नळ्या कापायच्या, वाकवायच्या, एका पक्क्या साच्यात घट्ट धरायच्या आणि वेल्डिंग करायचं. वेल्डिंग बहुतेक यंत्रमानव करतात. ठिणग्यांचा पाऊस पडतो, पण तिकडे टक लावून पाहायचं नाही, डोळ्यांना इजा होते. सांगाड्यात केसभर फरक पडला तर दोन्ही चाकं एका रेषेत येणार नाहीत आणि गाडी एका बाजूला ओढत राहील.

पेट्रोलची टाकी म्हणजे पत्र्याचे दाबयंत्राखाली घडवलेले भाग एकमेकांना जोडलेले. जोडल्यावर ती गळते की नाही हे हवेचा दाब देऊन तपासतात. सायकलची ट्यूब पंक्चरवाला पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो ना? कल्पना तीच! याच टाकीची एक छान गोष्ट आहे. आपल्या नौदलाची ‘विक्रांत’ ही जुनी विमानवाहू युद्धनौका मोडीत निघाली तेव्हा तिचं काही पोलाद बजाज कंपनीनं घेतलं आणि २०१६ साली आलेल्या एका मोटारसायकलच्या टाकीत ते वापरलं. समुद्रावरची युद्धनौका अशी रस्त्यावर आली!

इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं. वितळलेला धातू मोठ्या दाबानं साच्यात घुसवायचा आणि निवला की काढायचा. आईस्क्रीमची कुल्फी आठवा, फक्त ही कुल्फी हात भाजणारी! मग त्याला आतून इतकं गुळगुळीत आणि अचूक कोरतात की दट्ट्या त्यात न अडकता वर्षानुवर्षं वरखाली करत राहावा.

रंगकामाच्या विभागात बहुधा काचेतूनच पाहायला मिळतं, कारण धुळीचा एक कणसुद्धा तिथे नको असतो. आधी पत्रा धुवून स्वच्छ, मग गंज रोखणारे लेप, मग रंग, मग भट्टीत भाजणं. आपल्याला दिसतो तो फक्त वरचा लाल किंवा काळा थर, खालच्या थरांचं काम कुणाला दिसतच नाही. पण गंजापासून गाडी वाचवतात ते तेच.

शेवटी जुळणीचा सरकता पट्टा. सांगाडा एका टोकाला चढतो. पुढे सरकता सरकता त्याला इंजिन बसतं, चाकं बसतात, तारा जोडल्या जातात, हँडल, दिवा, सीट. प्रत्येक जागी उभा असलेला माणूस आपलं ठरलेलं काम ठरलेल्या सेकंदांत करतो. समजा पट्ट्याच्या टोकाला दर मिनिटाला एक गाडी उतरत असेल, तर आठ तासांत किती? ४८० ! नट आवळायचे पानेही साधे नसतात. किती जोर लागला ते मोजतात. कमी आवळला तर नट सुटेल, जास्त आवळला तर बोल्ट तुटेल. टोकाला गाडीत थोडंसं पेट्रोल घालतात, रोलरवर चढवतात आणि ती जागच्या जागी धावते. ब्रेक, दिवा, वेग तपासून झाले की जन्माची नोंद पक्की!

मुलींनो, हे काही फक्त मुलांचं काम आहे असं समजू नका. चाकणच्या कारखान्यात २०१६ साली ‘डॉमिनार’ ही दणकट मोटारसायकल आली तेव्हा तिची जुळणी करणारं पथक मुलींचंच होतं.

एक अवघड प्रश्न

आता तुमच्यातला एखादा हुशार वाचक विचारेल, “पण गांधीजींना तर यंत्रं आवडत नव्हती ना? मग त्यांच्या पाचव्या मुलाच्या घराण्यानं कारखाने काढले ते कसे?”

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पण एक गोष्ट ऐका. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघानं एक बक्षीस जाहीर केलं होतं. सुधारलेला चरखा बनवून दाखवणाऱ्याला एक लाख रुपये! त्या काळचे एक लाख, बरं का! अटी मोठ्या कडक. यंत्र झोपडीत ठेवता यावं, बाईमाणसाला फार न दमता आठ तास चालवता यावं, किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये आणि ते किमान २० वर्षं टिकावं. पुष्कळांनी खटपट केली, पण सगळ्या अटींत बसणारा चरखा कुणालाच साधला नाही. बक्षीस तसंच राहिलं.

म्हणजे पाहा, गांधीजी यंत्र नकोच असं म्हणत नव्हते. शिवणयंत्राचं तर त्यांना कौतुक होतं. त्यांचा प्रश्न वेगळा होता. हे यंत्र कुणाचे कष्ट कमी करतं? आणि कुणाचं काम काढून घेतं? सरकत्या पट्ट्यापाशी उभे असाल तेव्हा हा प्रश्न मनात ठेवा. यंत्रमानवानं वेल्डिंगचा धूर आणि चटका माणसापासून दूर नेला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पूर्वी ते काम करणारा माणूस आता काय करतो? दिवसभर एकच काम पुन्हा पुन्हा करताना कंटाळा येतो का? त्याला काम बदलून मिळतं का? एखादी गाडी बिघडलेली निघाली तर पट्टा थांबवायचा अधिकार कुणाला? हे प्रश्न माहिती देणाऱ्या साहेबांना नम्रपणे विचारा. वेग किती आणि किंमत किती, हे तर कुणीही विचारतं.

आणखी एक करा. शक्य झालं तर एखाद्या कामगाराचे हात पाहा. वाढदिवसाला नवी वस्तू हातात घेताना ती कुणाच्या तरी हातून आलेली असते, हे आपण विसरतो. एकदा ते हात पाहिले की मग विसरायला होत नाही.

आणि नकार आला तर?

येऊ शकतो. ‘मुलांना प्रवेश नाही,’ असं दोन ओळींचं उत्तर येईल, किंवा उत्तर येणारच नाही. मग काय तोंड फुगवून बसायचं? मुळीच नाही! नकार मिळाला तरी वाढदिवस आपलाच आहे.

सकाळी मगन संग्रहालय आणि मग सेवाग्राम. आश्रमातल्या कुटीत वस्तू किती थोड्या आहेत ते मोजा. दुपारी मिस्त्रीकाकांकडे एक तास. त्यांच्यासाठी घरचा लाडू न्या, इंजिनाचे सुटे भाग हातात घेऊन पाहायला मिळतील. वाढदिवस हिवाळ्यात असेल तर आणखी मजा. हिंगणघाटच्या बाजूला कापसाचं जिनिंग जोरात चालू असतं. ओळखीनं, परवानगीनं आणि मोठ्यांसोबत ते पाहा. वावरातून आलेला कापूस यंत्रात जातो, सरकी एकीकडे पडते, रुई दुसरीकडे आणि तिच्या दाबून गाठी बांधतात. कारखाना म्हणजे काय ते याहून जवळ कुठे कळणार? बच्छराज शेठजींचा व्यापारही कापसाचाच होता, हे आठवतंय ना?

पत्र मात्र जपून ठेवा. पुढच्या वर्षी तुम्ही एका वर्षानं मोठे झालेले असाल. पुन्हा लिहा.

आईबाबांसाठी चार शब्द

तुमच्या मुलानं मोटारसायकल मागितली नाही, ती कशी बनते ते पाहायला मागितलं. ही मागणी ‘नाही’ म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. यात खर्च प्रवासाचा आणि राहण्याचा. तो पेलवत नसेल तर तसं मुलाला मोकळेपणानं सांगा आणि त्याच्या हातात कागद-पेन्सिल देऊन खर्चाचा हिशेब त्यालाच करू द्या. तिकीट किती, राहणं किती, जेवण किती, माणसं किती. पैसे कसे जुळतात हे त्याला कळेल आणि कदाचित ‘या वर्षी जिनिंग, पुढच्या वर्षी वाळूज’ असं तो स्वतःच म्हणेल.

दुसरी गोष्ट जरा गंभीर. कारखाना पाहून आल्यावर गाडी चालवायचा मोह होणारच. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो. त्याआधी मुलाच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा कायदा पालकांनाच जबाबदार धरतो. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, चार वर्षांवरच्या लहानग्यालाही. मिनिटभराच्या कामासाठी कोपऱ्यावर जायचं असलं तरी! पट्ट्यावर एकेक नट मोजून आवळणाऱ्यांनी आपलं काम चोख केलेलं असतं. आपलं काम आपण करायचं.

तर मित्रांनो, कॅलेंडर काढा. आपल्या वाढदिवसावर खूण करा आणि तिथून तीन महिने मागे मोजा. त्या दिवशी पत्र लिहायचं. वहीत दोन पानं कोरी ठेवा. एका पानावर विचारायचे प्रश्न, दुसऱ्यावर तिथे मिळालेली उत्तरं. दोन्ही पानं भरली की आम्हाला लिहून कळवा. आणि हो, केकचा तुकडा मिस्त्रीकाकांना द्यायला विसरू नका!